बर्फ कुणी पाहिलाय?

गेल्या तीन-चार वर्षांत मी निदान पंधरा जणांना यान गार्बारेकचा सॅक्सोफोन ऐकवला असेल. ऑफिसातल्या लोकांना, कॉलेजच्या ग्रुपवर, एकदा तर पुणे-मिरज प्रवासात शेजारच्या सीटवरच्या अनोळखी मुलीला, एक इअरबड देऊन. ऐकून झालं की मी विचारते, कसं वाटलं? उत्तरं ठरलेली असतात. बर्फ. धुकं. फ्योर्ड. एकटं घर. शांतता. क्रम बदलतो, शब्द तेच.

यातल्या एकानेही फ्योर्ड पाहिलेला नाही. मीही नाही. माझा बर्फ म्हणजे रोहतांगला भाड्याच्या गमबुटांत उभं राहून काढलेले फोटो, आणि तो बर्फ राखाडी होता, त्यावर मॅगीच्या प्लेटा पडल्या होत्या. तरी 'नॉर्डिक जॅझ' म्हटलं की आम्हा सगळ्यांना एकच पांढराशुभ्र देखावा दिसतो. तो येतो कुठून, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. आवाजातून येतो, कव्हरवरून येतो, की आपल्याच डोक्यातून?

ज्यांना आवडलं नाही त्यांची मतं जास्त कामाची निघाली. एक मित्र म्हणाला, "हे नॉइज कॅन्सलेशनचा डेमो द्यायला बनवलंय." दुसरा म्हणाला, "फेस्टिवलच्या सिनेमात नायिका खिडकीबाहेर बघते, तेव्हा लावतात ते." मिरजेची माझी आत्या, जी तरुणपणी आठ वर्षं गाणं शिकली, तिने दहा मिनिटं डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "सूर छान लावतोय गं हा. पण सूर लावून झाल्यावर काही म्हणणार आहे की नाही?" आणि माझी रूममेट. तिचं मत शेवटी सांगते, कारण ते मला लागलं.

आधी एक रेकॉर्ड घेऊ. 'विची-ताय-तो'. नोव्हेंबर 1973, ऑस्लो. गार्बारेकचा सॅक्सोफोन, बूबो स्टेनसनचा पियानो, पाले डॅनियल्सनचा डबल बेस, यॉन क्रिस्टेन्सनचे ड्रम्स. दोन नॉर्वेचे, दोन स्वीडनचे. या प्रकारच्या संगीताची पायाभूत रेकॉर्ड म्हणून हिचं नाव कायम घेतलं जातं, आणि माझ्या पंधरा जणांपैकी ज्यांना मी हीच ऐकवली त्यांना भरपूर बर्फ दिसला.

आता हिच्यावर आहे काय ते बघा. पाच रचना. पहिली कार्ला ब्ले या अमेरिकन बाईची. दुसरी डॅनियल्सनची. तिसरी 'आस्ता सिएंप्रे', क्यूबाच्या कार्लोस पुएब्लाचं चे गव्हेरावरचं गाणं. चौथी, जिच्यावरून रेकॉर्डला नाव मिळालं ती, जिम पेपर या सॅक्सोफोन वाजवणाऱ्याची. पेपर अमेरिकेतल्या कॉ आणि क्रीक या आदिवासी जमातींच्या वंशातला. त्याच्या आजोबांकडून आलेल्या पेयोटे गाण्यातून त्याने ही चाल उभी केली. पेयोटे म्हणजे एक निवडुंग, तो खाऊन रात्रभर चालणाऱ्या प्रार्थनेत ही गाणी म्हणतात. पाचवी रचना, वीस मिनिटांची, डॉन चेरी या अमेरिकन ट्रम्पेटवाल्याची.

म्हणजे पाचातली एकच रचना त्या मुलखातल्या माणसाची आहे. बाकी वाळवंट आहे, हवाना आहे, कॅलिफोर्निया आहे. आम्हाला निवडुंगात बर्फ दिसला होता.

यावर कुणी म्हणेल, रचना कुणाचीही असो, वाजवणारे तर तिथले ना, थंडी त्यांच्या हातात असेल. हेही तपासता येतं. बरोबर पाच महिन्यांनी, एप्रिल 1974 मध्ये, याच चौघांतले तिघं पुन्हा ऑस्लोत रेकॉर्डिंगला बसले. पियानोवर या वेळी स्टेनसनच्या जागी अमेरिकेचा कीथ जॅरेट. रेकॉर्डचं नाव 'बिलाँगिंग'. तिच्यातलं 'द वाइंडअप' लावा. लग्नाच्या वरातीत नाचावं असं वाजतंय. तेच हात, तेच शहर. हे ऐकून धुकं आठवलं असं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

मग उरतो तो आवाज. आणि इथे मला माझ्या कामाच्या सवयीने बघावंसं वाटतं, कारण आवाजातली जागा ही बऱ्याच अंशी मोजता येणारी गोष्ट आहे.

ईसीएम हे लेबल 1969 मध्ये म्युनिकला मानफ्रेड आयशरने सुरू केलं. आयशर स्वतः आधी डबल बेस वाजवायचा. ऑस्लोत त्याला यान एरिक काँग्सहाऊग हा साउंड इंजिनिअर भेटला, आणि पुढची कित्येक वर्षं या दोघांनी मिळून शेकडो रेकॉर्ड्स केल्या. जो आवाज आपण 'नॉर्वे' म्हणून ओळखतो त्यातला मोठा वाटा या दोन माणसांच्या कानांचा आहे, त्यातला एक जर्मन, आणि जागा शहरातली बंद खोली.

तुम्ही टाळी वाजवली की आधी टाळी ऐकू येते, मग भिंतीवरून परत आलेली टाळी. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. परतीचा आवाज एक दशांश सेकंदाने आला तर त्याने जाऊन-येऊन 34 मीटर कापले, म्हणजे भिंत 17 मीटरवर आहे. हे गणित मेंदू आपल्याला न विचारता करत असतो. स्टुडिओत यंत्राने हा परतीचा आवाज तयार करतात, त्याला रिव्हर्ब म्हणतात. त्यात एक आकडा असतो प्री-डिलेचा, म्हणजे मूळ आवाज आणि पहिला परतीचा आवाज यांच्यातली फट. ती फट वाढवली की वाजवणारा कानाजवळ राहतो आणि भिंत लांब जाते. सॅक्सोफोनची पत्ती थरथरलेली ऐकू येते, तोंडाची हवासुद्धा, पण त्याच्या मागे मैदान पसरलेलं असतं. प्रत्यक्षात असं जवळजवळ कधी होत नाही. मैदानात लांब उभ्या माणसाचा श्वास ऐकू येत नाही, आणि श्वास ऐकू येईल इतका जवळ बसलेला माणूस खोलीत असतो. दोन्ही एकदम मिळणं ही चैन आहे.

त्यावर लेबलची कव्हरं. राखाडी आभाळ, रिकामा रस्ता, समुद्र, माणूस नाही. सीडीच्या सुरुवातीला पाचेक सेकंदांची कोरी शांतता. एवढं सगळं दिल्यावर बर्फ दिसला नाही तरच नवल.

सगळंच यंत्रातलं आहे असंही नाही. गार्बारेकच्या 1976 च्या 'डिस'मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्यावर बसवलेल्या विंड हार्पचा आवाज आहे, तारांवरून खरा वारा गेलेला, टेपवर उतरवलेला. तिथे कुणी 'वारा' म्हणालं तर ते शब्दशः बरोबर आहे. आणि 'ऑफिसियम', ज्यात हिलियर्ड एन्सेंबलचे चार गायक जुनी चर्चमधली गाणी गातात आणि सॅक्सोफोन त्यांच्या मधून फिरतो, त्यातली घुमणारी जागा खरी आहे. फक्त ती नॉर्वेत नाही. ते 1993 मध्ये ऑस्ट्रियातल्या एका मठात रेकॉर्ड झालं. दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. मला ही रेकॉर्ड फार जड वाटते, सणासुदीच्या जेवणासारखी, वर्षातून एकदा पुरे. पण हे माझं मत, खपाचा आकडा माझ्या विरोधात आहे.

आत्याच्या प्रश्नाकडे येते, कारण तो नुसता तक्रारीचा नाही. जॅझवाल्यांचा या संगीतावर जुना आक्षेप आहे की यात स्विंग नाही, ब्लूज नाही, मग हे जॅझ कसलं. आत्याला स्विंग माहीत नाही, पण ती तेच विचारत होती. मी हे तिला सांगितलं तर म्हणाली, हे तर आमच्याकडचंच भांडण झालं.

वामनराव देशपांड्यांच्या 'घरंदाज गायकी'त एक मांडणी आहे. वामनराव पेशाने चार्टर्ड अकाउंटंट, त्यामुळे असेल, पण त्यांनी घराणी जणू एका पट्टीवर मांडली. एका टोकाला स्वर, दुसऱ्या टोकाला लय. स्वराच्या टोकाला किराणा, लयीच्या टोकाला आग्रा, आणि मधे तोल सांभाळणारं जयपूर. किराण्यावर आग्रावाल्यांचा आक्षेप काय? नुसता सूर आळवत बसतात, लयीशी खेळ नाही, बंदिशीला दुय्यम मानतात. मिरजेत, जिथे अब्दुल करीम खाँसाहेब राहिले आणि जिथल्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ अजून गाणं होतं, तिथे वाढलेल्या माझ्या आत्याला हा आक्षेप तोंडपाठ होता. आयुष्यभर तिने त्याचं उत्तर दिलंय.

या पट्टीवर ठेवलं तर बऱ्याच गोष्टी जागेवर बसतात. क्रिस्टेन्सन ड्रम्सवर ठेका धरत नाही, झांजांवरून लाटा सोडतो. ताल आतून सगळ्यांना माहीत असतो, बोलून दाखवला जात नाही. गार्बारेक कंप न देता सरळ सूर लावतो, कडेने किंचित खालून वर चढतो आणि तिथेच थांबतो. स्वराच्या टोकाला सरकलेला जॅझ. त्याला थंड म्हणणं आणि किराण्याला सुस्त म्हणणं हे एकाच कानाचं काम आहे. आत्या यावर "हं" म्हणाली. तिचं "हं" म्हणजे मान्यता नव्हे, पुढच्या वेळी बघू.

ही ओढ गार्बारेकपासून सुरू झाली असंही नाही. स्वीडनच्या यान योहान्सनने 1964 मध्ये पियानो आणि बेस एवढ्यावरच स्वीडिश लोकगीतं वाजवली, 'जॅझ पो स्वेन्स्का', म्हणजे स्वीडिशमधला जॅझ. स्वीडनमध्ये ती घरोघरी पोचली. याच योहान्सनने पिप्पी लाँगस्टॉकिंगच्या मालिकेच्या शीर्षकगीताला चाल दिली. तिकडच्या मुलांसाठी तो आधी पिप्पीवाला, एकांतवाला नंतर.

यावरून आठवलं. आमच्या टीममधला एक जण ऑस्लोला बसतो. त्याला मी मोठ्या उत्साहाने सांगितलं की मी तुमचं संगीत ऐकते. तो म्हणाला, हो, आईबाबांकडे पाहुणे आले की लागायचं, आणि दातांच्या डॉक्टरकडे. बर्फाबद्दल विचारलं तर म्हणाला, बर्फ म्हणजे सकाळी वीस मिनिटं आधी उठून गाडीची काच खरवडणं. मग त्याने मला विचारलं की तू बासरी ऐकून ध्यान करतेस का. मला हसू आलं आणि रागही. आमच्याकडे बासरी म्हणजे गणपतीच्या जत्रेत दहा रुपयांना मिळणारी, जिच्यातून पहिल्या दिवशी नुसती थुंकी निघते. आणि हरिप्रसाद चौरसियांचा द्रुत तीनताल ऐकून कुणी ध्यान करून दाखवावं. योगा क्लासात पंधरा सेकंदांची बासरी लावून 'इंडिया' म्हणणाऱ्यांना आपण नावं ठेवतो. मी आणि माझे पंधरा श्रोते नॉर्वेच्या बाबतीत नेमकं तेच करत होतो.

हे दोन गैरसमज एकदा एकाच खोलीत होते. डिसेंबर 1986, ऑस्लो. झाकीर हुसेन, चौरसिया, जॉन मॅक्लॉफ्लिन आणि गार्बारेक. साउंड इंजिनिअर काँग्सहाऊगच. रेकॉर्डचं नाव साधंच, 'मेकिंग म्युझिक'. मी ती कव्हर न दाखवता ऐकवते. एकजण म्हणाला इराण. एकजण म्हणाली राजस्थान. बर्फाचं नावही नाही, कारण तबला लागला की आपल्या डोक्यातला देखावाच बदलतो. सॅक्सोफोन मात्र जसाच्या तसा आहे. पुढे गार्बारेकने पतियाळा घराण्याच्या उस्ताद फतेह अली खाँसोबत 'रागाज अँड सागाज' केली, तिथे तो खाँसाहेबांच्या आवाजाच्या मागे सारंगीसारखा चालतो. आत्याला ती आवडली. "इथे तो ऐकतोय," म्हणाली.

पण हे सगळं नुसतं गमतीचं आहे असं मला वाटत नाही. 'रिकामं', 'निर्मनुष्य', 'अस्पर्श' हे शब्द संगीताबद्दल वापरताना फुकट असतात. जमिनीबद्दल वापरले की त्यांची किंमत कुणीतरी मोजतं. नॉर्वेच्या उत्तरेला जे आपल्याला कव्हरवर निर्मनुष्य दिसतं तिथे सामी लोक रेनडिअर घेऊन कितीतरी पिढ्या फिरतायत. नॉर्वेच्या शाळांतून त्यांची भाषा मोडून काढायचं धोरण दीर्घकाळ चाललं. 1979 मध्ये आल्टा नदीवरच्या धरणाविरुद्ध सामी तरुण ऑस्लोला संसदेसमोर उपोषणाला बसले. धरण शेवटी झालंच. ज्या शहरात आपल्याला शांतता ऐकू येते, त्याच शहरात, त्याच काळात.

मारी बोइने ही गायिका याच सामी समाजातली, 1956 चा जन्म. घर कडक धार्मिक. सामींचं जे पारंपरिक गाणं, योइक, ते त्या घरात पाप समजलं जायचं. योइकबद्दल सांगतात की ते कुणाविषयी गायचं नसतं. माणसाचं, लांडग्याचं, डोंगराचं योइक म्हणजे तो माणूस, तो लांडगा, तो डोंगरच. तिची 1989 ची रेकॉर्ड 'गुला गुला', म्हणजे 'ऐक, ऐक'. पुढच्याच वर्षी गार्बारेकच्या 'आय टुक अप द रून्स'ची सुरुवात तिच्याच या गाण्याने झाली, फक्त तिथे शब्द नाहीत, सॅक्सोफोन आहे. ते ऐकून एक मैत्रीण म्हणाली होती, काय एकटं वाटतं ना. गाणं मुळात हाक मारणारं आहे.

आणि तो खालून चढत जाऊन थांबणारा सूर, ज्याला आपण एकांत म्हणतो? माझ्या कानाला तो कुलोक्कसारखा वाटतो. उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणांत गुरं नेलेल्या बायका संध्याकाळी उंच आवाजात गाईंना बोलवायच्या, ती हाक म्हणजे कुलोक्क. आवाज उंच आणि कंपाशिवाय, कारण तो पलीकडच्या उतारापर्यंत पोचायला हवा. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, हाळी. हाळी एकटेपणातून देत नाहीत. पलीकडे कुणीतरी आहे हे माहीत असतं म्हणून देतात, आणि दूध काढायची वेळ झालेली असते.

आता रूममेटचं मत. आम्ही तिघी वाकडला टू बीएचकेत राहतो, माझी खोली दोघींत. मागच्या वर्षी माझी ऑन-कॉल ड्यूटी सलग आली, रात्री दोनला अलर्ट, चारला अलर्ट. मधल्या वेळात मी हेडफोन लावून हेच ऐकत पडायचे. एका रात्री ती म्हणाली, "तुला गाणं नकोय. तुला खोली हवीये."

मी चिडले नाही, कारण ती बरोबर होती, आणि तिलाही खोली हवी होती. आमच्या खोलीत टाळी वाजवली तर परतीचा आवाज वेगळा ऐकूच येत नाही, भिंत तेवढी लांबच नाही. 17 मीटरवरची भिंत आम्हाला या शहरात परवडणार नाही. ईसीएमचा सगळा साठा नोव्हेंबर 2017 मध्ये स्ट्रीमिंगवर आला तेव्हा मी इंजिनिअरिंगला होते, हॉस्टेलला चौघींत खोली. माझ्या वयाच्या किती जणांनी तेव्हापासून महिन्याला शंभर-दीडशे रुपयांत ती भिंत भाड्याने घेतली असेल. त्यात गैर काय ते मला अजून कळलेलं नाही. किराण्याचा विलंबित ख्यालही लोक चाळीत बसूनच ऐकायचे. पण खोली हवी म्हणून तिथे राहणारी माणसं पुसून टाकायची, हे मला पटत नाही. दोन्ही जमतं. हाळी देणाऱ्या बाईला तिच्या उतारावर राहू द्यायचं आणि आपण आपल्या पलंगावर पडून ऐकायचं.

कुणाला आता ऐकवते तेव्हा नाव सांगत नाही, देश सांगत नाही, फोन उलटा ठेवते. उत्तरं पूर्वीइतकी सुबक येत नाहीत. ऑफिसातल्या एकीला 'विची-ताय-तो' ऐकून तिच्या गावचं पहाटेचं भजन आठवलं, तो शेवटचा भाग जिथे सगळे तेच तेच म्हणत राहतात आणि कुणालाच थांबायचं नसतं. ती बीडची आहे. पेयोटे गाण्यांबद्दल तिला काहीच माहीत नव्हतं.

मागच्या आठवड्यात आत्याला व्हॉट्सअ‍ॅपवर मारी बोइनेचं मूळ 'गुला गुला' पाठवलं, एक अक्षर न लिहिता. दुपारी तिचा फोन आला.

"कुणाला गं बोलावतेय ही?"

मी म्हटलं, तुला कसं कळलं बोलावतेय?

"त्यात काय कळायचं. आवाज लांब टाकतेय." मग म्हणाली, तुझ्या त्या सॅक्सोफोनवाल्याचं परत पाठव, फोन बदलल्यापासून सापडत नाहीये, आणि या वेळी नाव लिहून पाठव.